ढवळ्याचं शेवटचं पान

गोष्ट अर्धी सांगून थांबणाऱ्याला कायद्यानं शिक्षा नाही. मधुकरराव गद्र्यांना ती घरातच झाली.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची सात वर्षांची नात ज्ञानदा सांगलीला आली होती. तिला ते आपल्या लहानपणीच्या एका चित्रांच्या पुस्तकाची गोष्ट सांगत होते. पुस्तकाचं नाव 'ढवळ्या निघाला साताऱ्याला'. ढवळ्या नावाचा बैल बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी चार दिवस दावं तोडून सातारा बघायला जातो. अजिंक्यताऱ्यावर चढतो, कंदी पेढ्यांच्या दुकानात तोंड घालतो, पोलीसचौकीत जबाब देतो आणि शेवटी पाय ओढत गावाकडं येतो. बेंदराचा दिवस उजाडलेला असतो. बाकीचे बैल झुली घालून मिरवायला निघालेले असतात आणि घराच्या दारात साळूआजी उभी असते. ती ढवळ्याकडं बघते आणि म्हणते...

"काय म्हणते?" ज्ञानदानं विचारलं.

साळूआजी काय म्हणते हे मधुकररावांना माहीत नव्हतं. इस्लामपूरच्या शाळेत एकोणसत्तर साली त्यांनी ते पुस्तक वाचलं तेव्हा त्याला शेवटचं पान नव्हतं. गेली छप्पन्न वर्षं साळूआजी त्यांच्या डोक्यात तोंड उघडून तशीच उभी होती.

"आबा, शेवट माहीत नव्हता तर सुरुवात कशाला केलीत?"

"छत्तीस वर्षं खात्यात हेच केलं त्यांनी," अनसूयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मधुकरराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. बायकोचा टोमणा स्वाभिमानी माणसाला लागत नाही, कारण सवयीनं कातडी जाड होते. नातीचा मात्र लागतो. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की ज्ञानदाची शाळा सुरू व्हायच्या आत ते पान शोधून काढीन, नाहीतर नावाचा गद्रे नाही. अनसूयाबाई म्हणाल्या, "नाव बदलायचं असेल तर आधार कार्डापासून सुरुवात करा, वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन गावातल्या एका जुन्या वाचनालयात गेले. पुस्तक होतं, पण संदर्भ विभागात. त्यासाठी अर्ज, अर्जासोबत ओळखपत्राची प्रत आणि प्रतीवर सही. अर्ज म्हटल्यावर मधुकररावांना माहेरी आल्यासारखं वाटलं. अर्ध्या तासानं पुस्तक हातात आलं. काय ती चित्रं! ढवळ्या किल्ल्यावरून खाली बघतो त्या चित्रात सातारच्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचता येत होती. पोलिसाच्या मिशीचा एक एक केस वेगळा होता. बैलाचे डोळे तर असे, की आता हा पापणी मिटेल असं वाटावं. आतल्या पानावर बारीक अक्षरांत एवढंच छापलं होतं : चित्रे – कृष्णात.

आणि शेवटचं पान नव्हतं. शिवणीपाशी नुसती फाटकी कड होती.

इथं मधुकररावांनी आयुष्यातली एक मोठी चूक केली. ते प्रामाणिकपणे काउंटरवर गेले आणि म्हणाले, "बाई, यात शेवटचं पान नाही."

बाईंनी रजिस्टर काढलं. "इथं सोळा पानं आहेत."

"पण पुस्तकात पंधराच आहेत."

"म्हणजे तुमच्या हातात दिलं तेव्हा सोळा होती."

"तुम्ही मोजली होती का?"

"रजिस्टरला सोळा आहेत म्हणजे सोळा होती."

हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं मधुकररावांना वाटलं. मग आठवलं, की ते त्यांचंच होतं. कालव्याला पाणी येत नाही म्हणून आलेल्या शेतकऱ्यांना ते छत्तीस वर्षं सांगत आले होते, की कागदावर पाणी सोडलंय म्हणजे कालव्यात पाणी आहे. आता त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. 'मी पान फाडलेले नाही. पाने फाडण्याची मला सवय नाही,' असं त्यांनी लिहिलं. बाईंनी त्यावर शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक नाही.'

संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पसरली, की गद्रे वाचनालयात जाऊन पानं फाडतात. सोसायटीचे सेक्रेटरी मुकुलराव मुद्दाम घरी येऊन गेले. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "या वयात होतं. माझे काका कॅलेंडर फाडायचे. डिसेंबर उजाडायच्या आत आमच्याकडं वर्ष संपायचं." मधुकररावांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

वरच्या मजल्यावरचे हंबीरराव मात्र धीर द्यायला आले. हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे इस्लामपूरकडचे. त्यांची उसाची शेती भाऊ बघायचा आणि हंबीरराव सोसायटीवर लक्ष ठेवायचे.

"गद्रेसायेब, चुकलं तुमचं. रेकी न करता दुश्मनाच्या हद्दीत येकटं शिरायचं न्हाई. उद्या साताऱ्याला जाऊ. ह्या टायमाला मी हाय संगट."

हंबीररावांच्या मोटरसायकलवरून साताऱ्याला जाणं हे त्रेसष्ट वर्षांच्या माणसाचं काम नव्हे. कराडपर्यंत मधुकररावांनी डोळे मिटून घेतले होते आणि कराडनंतर ते उघडेनात, कारण मातीच्या ट्रॉलीमागं बराच वेळ राहिल्यामुळं पापण्या धुळीनं चिकटल्या होत्या. साताऱ्याच्या वाचनालयातही पुस्तक निघालं. पण आता मधुकरराव शहाणे झाले होते. त्यांनी हात पाठीमागं बांधले आणि शिपायाला म्हणाले, "आधी पानं मोजा. मग मी हात लावणार."

शिपायानं मोजली. पंधरा भरली, रजिस्टरला सोळा. तो घाबरला. "साहेब, हे पुस्तक सदोष आहे. सदोष पुस्तक वाचकाच्या हातात देता येत नाही." आणि त्यानं ते परत कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"बघा," हंबीरराव बाहेर आल्यावर म्हणाले. "दोन्ही ठिकाणी तेच पान न्हाई. ह्यात परकीय हात हाय."

परकीय हात शोधायला दोघं तसेच औंधकडं वळले, कारण चहाच्या गाड्यावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, की कृष्णात म्हणजे औंधाकडच्या वाडीतला, लहानपणी डोंगरावरच्या संग्रहालयात चित्रं बघत दिवस दिवस बसायचा तो. वाडीतल्या शाळेच्या पेटीत तिसरी प्रत होती. तिलाही शेवटचं पान नव्हतं. पण आतल्या बाजूला सत्तर सालच्या कुणा तपासनीस साहेबांचा शेरा चिकटवलेला होता, लाल शाईत : 'शेवटचे पान विद्यार्थी फाडून टाकतात. सातारा-सांगली जिल्ह्यांत सर्वत्र हीच तक्रार. चित्र निकृष्ट असावे. या चित्रकाराची पुस्तके यापुढे घेऊ नयेत.'

मधुकररावांनी शेऱ्याचे आणि चित्रांचे फोटो काढले. हेडमास्तर म्हणाले, कृष्णात आहेत अजून, कुपवाडला नातवाकडं असतात.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नातवाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. आत मशीन एका मिनिटात वाढदिवसाचं पोस्टर ओकत होतं आणि मागच्या बाजूला खाटेवर त्र्याऐंशी वर्षांचे कृष्णात पेंटर बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसरा डोळा पाहुण्यांवर रोखलेला.

"इम्याचं हाय का? मी उतरवत न्हाई."

मधुकररावांनी मोबाईलवरची चित्रं दाखवली. म्हाताऱ्यानं मोबाईल नाकाला लावला.

"ह्यो आमचाच ढवळ्या. पोलिसाचं तोंड माज्या मामाचं हाय. त्यो लई दिस बोलत न्हवता माज्यासंगं."

मग त्यांनी आपली सगळी कारकीर्द सांगितली, अगदी दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. सव्विसाव्या वर्षी पहिलं पुस्तक मिळालं. वर्षभरात साहेबाचा शेरा आला. छापणारा म्हणाला, पुढल्या पुस्तकाला दुसरा बघतो. त्यानंतर शाळांच्या भिंती रंगवल्या, दुकानांच्या पाट्या, कारखान्याच्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या, नंबरप्लेटा. निवडणुकीत सगळ्या पक्षांची चिन्हं काढली, एकाच डब्यातल्या रंगानं. मग फ्लेक्स आलं आणि ब्रश वाळत घातले ते घातलेच. पुस्तकाचं चित्र पुन्हा कुणी मागितलं नाही.

"पण ती चित्रं उत्तम आहेत हो!" मधुकरराव कळवळून म्हणाले.

"उत्तम आसती तर पोरांनी फाडली आसती व्हय? त्ये शेवटचं पान मी तीन आठवडं रंगवत हुतो. त्येच फाडलं. सगळ्या जिल्ह्यानं फाडलं." म्हातारा खिडकीकडं बघायला लागला. "माजी प्रत म्हापुरात गेली. बरं झालं."

एका ओळीचा शेरा माणसाचं काय करतो हे फायलींच्या बाजूनं मधुकररावांनी आयुष्यभर पाहिलं होतं, माणसाच्या बाजूनं आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. विषय बदलायला म्हणून त्यांनी विचारलं, "शेवटच्या पानावर साळूआजी काय म्हणते?"

"मला काय ठावं? लिवणाऱ्यानं लिवलं. मी वाचलं न्हाई, मी बैल काढला."

ते निघाले तेव्हा म्हाताऱ्यानं मागून हाक मारली. "आवं, घावलंच तर दावा मला येकदा. निळी शिंगं बरी जमलीती. ह्यो डोळा चालतोय तंवर दावा."

आता हा प्रश्न नातीपुरता राहिला नव्हता. मधुकररावांनी ठरवलं, की बेंदराच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये कृष्णात पेंटरांचा सत्कार करायचा आणि लोकांना आवाहन करून तोवर ते पान मिळवायचं. बेंदूर आषाढात, म्हणजे हातात सव्वा महिना होता. ज्ञानदाची शाळा त्याआधीच सुरू होणार, म्हणजे तिला दिलेला शब्द मोडणार, याचं त्यांना वाईट वाटलं. पण सत्काराला मुहूर्त हवा. हॉलसाठी त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला. मुकुलरावांनी तो 'बैल हा विषय सोसायटीच्या उद्दिष्टांत बसतो काय?' असं लिहून पुढच्या मीटिंगकडं ढकलला.

मग त्यांनी आवाहन लिहिलं. 'विषय : पुस्तकाचे शेवटचे पान उपलब्ध करून देणेबाबत. संदर्भ :' अशी सुरुवात होऊन मजकूर सतरा ओळींचा झाला.

"ह्ये वाचून हुस्तवर बैल म्हातारा व्हईल," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर टाईप केलं : "ढवळ्या निघाला साताऱ्याला ह्या पुस्तकाचं शेवटचं पान कुणाकडं आसंल तर बेंदरादिवशी सकाळी घिऊन या. चित्रं काढणारं कृष्णात पेंटर भेटतील. चहा हाय." खाली मधुकररावांचा पत्ता. तो संदेश त्यांनी माजी सैनिकांच्या गटावर, ऊसवाल्यांच्या गटावर आणि आणखी अशा अकरा गटांवर टाकला, की त्यांत आपण का आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी, सकाळी सात वाजता, मधुकरराव बनियनवर दाढी करत होते. एका गालाला साबण होता. बेल वाजली. दारात नऊवारी नेसलेली एक म्हातारी, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"गद्रेसायेबाचं घर ह्येच न्हवं? मी हरणाबाई. जतकडनं आलो. बेंदराचं पान आणलंय."

"अहो आजी, बेंदूर पुढच्या महिन्यात आहे."

"तुमचा आसंल. आमचा आज हाय."

मधुकररावांच्या गालावरचा साबण वाळला. सांगली जिल्ह्यात बेंदूर दोन असतात. एक आषाढातला, आणि सीमेकडच्या गावांतला ज्येष्ठातला, ज्याला कर्नाटकी बेंदूर म्हणतात. इस्लामपूरच्या हंबीररावांना एकच बेंदूर ठाऊक होता हे एकवेळ क्षम्य. पण दोन बेंदरांच्या दोन रजा मागणाऱ्या एका शिपायाचा अर्ज मधुकररावांनी स्वतः 'बेंदूर वर्षातून एकदाच येतो' असा शेरा मारून फेटाळला होता. तो शिपाई आज हसत असेल, असं त्यांना वाटून गेलं.

हरणाबाईंनी फडकं सोडलं. आत काचेची जुनी फ्रेम होती. फ्रेमीत ढवळ्या. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला गोंडा आणि निळी शिंगं, आणि सगळ्यावर हळदीकुंकवाचे थरावर थर.

"हे... तुम्ही फाडलंत?"

"म्या न्हाई, माज्या सासूनं. आमच्या घरात बैल न्हवता. मालक शाळंत शिपाई, आमाला जमीन कुठली? पर बैल न्हाई म्हणून बेंदूर चुकवायचा व्हय? मातीचा बैल करायचा, तर त्यो पोरं मोडायची. ह्ये पुस्तक थोरल्यानं शाळंतनं आणलं. सासू म्हणली, ह्येचं डोळं बघ, जित्तं हायती. श्रावणात जिवतीचा कागद डकवतो तसा भिताडाला डकवला नि पुजला. पोरानं शाळंत मार खाल्ला. पर तवापास्नं दरसाल ह्योच आमचा बैल."

अनसूयाबाई चहाचं मोठं पातेलं काढायला आत गेल्या, कारण फाटकातून आणखी माणसं येताना त्यांना दिसली होती.

नऊ वाजेपर्यंत सोसायटीच्या अंगणात चाळीस माणसं झाली. प्रत्येकाकडं तोच बैल. कुणी लॅमिनेट केलेला, कुणी पत्र्याला चिकटवलेला. एका जवानाच्या बायकोनं नवऱ्याच्या ट्रंकेच्या झाकणातून सोडवून आणलेला, त्यामुळं तो लडाखला जाऊन आलेला होता. एकानं देव्हाऱ्याचं दार बिजागरीसकट उचलून आणलं होतं, कारण पान सुटेना. एक मिरजेकडचा गडी तर भिंतीचा पोपडाच पाटीत घालून घेऊन आला होता. हंबीररावांनी सगळ्यांना दोन रांगांत उभं केलं आणि स्वतः रिक्षा घेऊन कुपवाडला पळाले.

मधुकरराव मात्र एकेका पानावर वाकून साळूआजीचं वाक्य शोधत होते. ते कुठंच नव्हतं. जवळजवळ सगळ्यांनी खालची अक्षरं कापून टाकली होती, उरली तिथं काजळी बसली होती. "पुजायचा बैल," एकजण म्हणाला. "अक्षरं घिऊन काय करायचं?"

तेवढ्यात मुकुलराव नियमावली घेऊन खाली आले. त्यांना मंजुरीचा मुद्दा काढायचा होता. पण तो तोंडातच राहिला, कारण फाटकातून खराखुरा बैल आत आला. पांढराशुभ्र, झूल घातलेला. कुपवाडजवळच्या मळ्यातले ज्ञानू त्याचा कासरा धरून होते.

"शिंगं रंगवायची ठेवलीती. म्हटलं, ह्येच्या बापाच्या हातनंच रंगवून घ्यावीत. आमच्या घरातला ढवळ्या बघूनच म्या बैल पांढरा घेतोय दरवेळी."

"सोसायटीत जनावरं..." मुकुलराव म्हणाले. नियमावलीत एवढंच होतं, की जनावरं लिफ्टमध्ये नेऊ नयेत. ज्ञानूंचा तसा विचारही नव्हता.

रिक्षा आली. हंबीररावांनी हात देऊन कृष्णात पेंटरांना उतरवलं. म्हाताऱ्यानं गर्दी पाहिली आणि पाऊल मागं घेतलं. "मला कशाला आणलं? काय केलंय म्या?"

मधुकररावांनी त्यांना धरून पहिल्या रांगेपाशी नेलं. म्हाताऱ्यानं चालणारा डोळा हरणाबाईंच्या फ्रेमीला लावला. मग पुढच्या पानाला. मग पत्र्याला, दाराला, पोपड्याला.

"ह्ये कुकू कुणी लावलं?"

"आमी," हरणाबाई म्हणाल्या. "दरसाल."

"फाडून टाकलं न्हाईसा?"

"टाकंल कोण? द्येव हाय त्यो आमचा."

कृष्णात पेंटर तिथंच अनसूयाबाईंनी आणलेल्या स्टुलावर बसले आणि हमसून हमसून रडले. हरणाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मधुकररावांनी, दुसऱ्या गालावरची दाढी अजून तशीच असताना, उघड उघड डोळे पुसले. डोळे कोरडे झाल्यावर म्हाताऱ्यानं पुन्हा फ्रेम हातात घेतली, नीट निरखली आणि तो म्हणाला, "डावं शिंग वाईच वाकडं झालंया."

ज्ञानूंनी निळ्या रंगाचा डबा पुढं केला. म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. "न्हाई गड्या. हात कापतोय. येकच डोळा. आता न्हाई जमायचं."

ज्ञानदा मघापासून पाटीतल्या पोपड्यापाशी उकिडवी बसली होती. त्यावर पान अख्खं डकवलेलं होतं, खालच्या पट्टीसकट. तिनं थुंकी लावून काजळी पुसली आणि मोठ्यानं वाचलं : "'आलास? उभा राहा. शिंगं रंगवायची राहिलीत.'"

"कोण म्हणलं?" म्हाताऱ्यानं दचकून विचारलं.

"साळूआजी!"

कृष्णात पेंटर पोपड्यावर वाकले. मग गदागदा हसायला लागले. "म्हातारी म्हणतीया म्हंजी ऐकाय पायजे. आणा डबा."

हात कापतच होता. त्यामुळं रेघ नागमोडी आली आणि बैलाच्या कानालाही थोडा रंग लागला. "आसूंद्या," ज्ञानू म्हणाले, "नक्षी दिसतीया." दुसरं शिंग रंगून होईपर्यंत चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती. मग प्रत्येकानं आपापल्या पानावर म्हाताऱ्याची सही घेतली. मुकुलरावांनी हॉलची किल्ली स्वतःहून आणून दिली, मंजुरीशिवाय.

दुपारी मधुकररावांनी दोन कागद लिहिले. पहिला वाडीच्या शाळेला, लाल शाईत, जुन्या शेऱ्याखाली चिकटवण्यासाठी : 'शेवटचे पान फाडून टाकलेले नाही. ते ठिकठिकाणी पूजेत आहे. चित्र उत्कृष्ट. या चित्रकाराची पुस्तके जरूर घ्यावीत.' दुसरा वाचनालयाला, पुरवणी खुलासा म्हणून, सोबत चाळीस साक्षीदारांच्या सह्या आणि काही अंगठे. वाचनालयाच्या बाईंनी तो दोनदा वाचला, बराच वेळ पेन चावला आणि शेवटी लिहिलं, 'खुलासा समाधानकारक.' मधुकररावांनी त्याची प्रत घेऊन फ्रेम करायला टाकली.

त्या संध्याकाळी ज्ञानदा फोनवर आईला सगळी गोष्ट सांगत होती. ढवळ्या साताऱ्याला गेला, पेढे खाल्ले, पोलिसांनी धरला, पाय ओढत घरी आला, दारात आजी उभी होती.

"मग काय झालं?" आईनं विचारलं.

"मग शिंगं रंगवली. निळी," ज्ञानदा म्हणाली. "डबा मी धरला होता."